ओळ दोनशे बारा

आमच्या कार्यालयाची एक यादी आहे. बंद पडलेल्या बँकांची. वेबसाइटवर जाऊन कोणीही ती बघावी, पैसे पडत नाहीत. बँकेचं नाव, गाव, नोंदणी क्रमांक, बंद झाल्याची तारीख आणि पुढे तिला कोणत्या बँकेने ताब्यात घेतलं, असे पाच रकाने. गेली चौदा वर्षं ही यादी मी सांभाळतो. चारचौघांत कोणी विचारलं, "काय करता?" तर मी "आकडेवारी" एवढंच म्हणतो. खरं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग बाजूला घेऊन विचारतात, "आमची बँक ठीक आहे ना हो?"

काम रुक्ष आहे, आणि मला रुक्ष कामच मानवतं. यादीच्या तळाशी 'दुरुस्तीची विनंती' असं एक बटण आहे. चूक दिसली की लोक तिथे लिहितात. गावाचं नाव चुकलंय, तारीख उलटी पडलीय, असलं काहीतरी. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला शुद्धलेखन तपासून पाठवतात, आणि वैताग असा की बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघतं. सोमवारी सकाळी चहा घेत मी या विनंत्या निकालात काढतो.

अशाच एका सोमवारी ही आली.

"ओळ २१२. बंद झाल्याची तारीख चुकली आहे. बँक चालू आहे. आम्ही आत उभे आहोत."

नावाचा रकाना कोरा होता. दुसरं कोणी असतं तर 'येडपट आहे' म्हणून पुढे गेलं असतं. मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो. साडेचारशे ओळींपैकी ती एकच ओळ अशी आहे, की ती आली की मी पटकन खाली सरकतो.

त्याचं कारण सांगायला हवं. नऊ वर्षांत मी ते कोणालाही सांगितलेलं नाही.

आमच्या विभागात तेव्हा एक पद्धत होती. शुक्रवारी नवी यादी चढवली की तिच्यात एक खोटी ओळ घालायची, वेबसाइटवर ती दिसते का बघायचं आणि लगेच काढून टाकायची. मिनिटभराचं काम. हे नियमात बसत नव्हतं, पण सगळे तसंच करत. त्या शुक्रवारी नवी प्रणाली आली होती आणि ती खोटा नोंदणी क्रमांक घेईना. खराच हवा म्हणे. मला एकच क्रमांक पाठ होता. ताई ज्या बँकेत रोखपाल होती तिचा. माझ्या शिक्षणासाठी ताईने तिथूनच कर्ज काढलं होतं, त्या कागदांवर तो मी शंभरदा वाचला होता. तो टाकला. तारीख प्रणालीने आपोआप घेतली, पुढच्या कामाच्या दिवसाची, म्हणजे सोमवारची. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. मी परत आलो तेव्हा बावीस मिनिटं झाली होती.

ओळ मी काढली. पण बावीस मिनिटं पुरतात. दुपारी ताईच्या बँकेसमोर रांग लागली, शनिवारी ती कोपऱ्यापलीकडे गेली, आणि सोमवारी बँक खरोखरच बंद झाली. चांगली, धडधाकट बँक. संध्याकाळी मला तीच ओळ पुन्हा घालावी लागली. तोच क्रमांक, तीच तारीख.

चौकशी झाली. लोक म्हणाले, आम्ही यादीत वाचलं. चौकशीवाल्यांनी यादी उघडली, तर तारीख सोमवारची, अगदी बरोबर. मग यादीत चूक कुठली? त्यांनी दुसरं कारण शोधलं. रोखपाल बाईंचा भाऊ त्या कार्यालयात आहे, त्याच्याकडून बाईंना आतली बातमी कळली आणि बाईंनी ती फोडली. ताईने शपथेवर सांगितलं, "माझ्या भावाने मला काही सांगितलं नव्हतं." ते खरंच होतं. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि मला कोणी आत बोलावलंही नाही. ज्या बँकेने ताबा घेतला तिने सगळ्या नोकरांना ठेवून घेतलं, शिपायापासून मॅनेजरपर्यंत. एकट्या ताईला सोडून. तेव्हापासून ती घरी मुलांच्या शिकवण्या घेते, आणि जुन्या ओळखीचे लोक रस्त्यात दिसले की तीच रस्ता बदलते.

मी एक वाक्य बोललो असतो तर तिचं नाव धुऊन निघालं असतं. नोकरी गेली असती माझी, बस. पण तेव्हा घराचे हप्ते होते, मूल लहान होतं. कारणं काय, मागाल तेवढी मिळतात.

पुढच्या सोमवारी दुसरी विनंती आली. "ओळ २१२. अजून दुरुस्ती झालेली नाही. आम्ही एकशे सहा जण आहोत. हवा कमी पडते आहे."

त्यानंतरच्या सोमवारी फोटो जोडलेला होता. उंच छताचा हॉल, पाठमोरी माणसं, दाटीवाटीने उभी. लाकडी काउंटर. एकाही माणसाचा चेहरा दिसत नव्हता. खाली लिहिलं होतं, "तीन नंबरच्या काउंटरवरच्या बाई आम्हाला धीर देत आहेत. म्हणतात, माझा भाऊ तिथेच कामाला आहे, काही असतं तर त्याने मला आधी सांगितलं असतं."

मी संगणक विभागाकडून शोध घेतला. विनंती कुठून आली त्याची नोंदच नव्हती. "होतं कधी कधी," तिथला मुलगा म्हणाला. मी मान हलवली. आमच्याकडे असं कधीच होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी ताईच्या बँकेच्या जुन्या इमारतीत गेलो. आता तिथे चपलांचं दुकान आहे. छत खाली घेतलंय, पांढरे दिवे, भिंतभर खोकी. एकही गिऱ्हाईक नव्हतं, पण दार उघडताच भरगच्च खोलीत शिरावं तशी ऊब अंगावर आली. घामाची, ओल्या शाईची, खूप वेळ उभ्या राहिलेल्या माणसांची.

"एसी बंद आहे का?" मी विचारलं.

"दोन लावलेत साहेब," दुकानदार रुमालाने मान पुसत म्हणाला. "पुरत नाहीत. कारागीर म्हणतो, ही शंभर माणसांची गरमी आहे. म्हटलं, शंभर माणसं आली असती तर मी रडलो असतो का?"

तो हसला. मग त्याने पायाने फरशी दाखवली. दारापासून आतल्या भिंतीपर्यंत एक पट्टा झिजलेला होता. "तीनदा बदलली. फसवतात लेकाचे."

पट्टा जिथे संपत होता तिथे पूर्वी तीन नंबरचं काउंटर होतं. मी एक जोड घेऊन बाहेर पडलो. मापाचासुद्धा नव्हता.

रविवारी मी ताईकडे जेवायला जातो, तसा गेलो. आज सांगायचंच, असं जिन्यात तीनदा घोकलं होतं. भाऊजी आत झोपले होते. ताई वह्या तपासत होती. डोळ्यांवर चष्मा, अंगात तिचा राखाडी स्वेटर. मी विचारलं, "ताई, त्या शनिवारी लोकांना तू काय सांगितलंस गं? रांगेतल्या."

तिने मान वर केली नाही. "आज कुठून आठवलं तुला?"

"असंच."

"काय सांगणार? म्हटलं, घाबरू नका, माझा भाऊ तिथेच आहे. काही असतं तर त्याने मला आधी सांगितलं असतं." तिने लाल पेनाने एक गणित चुकीचं ठरवलं. "काहींनी ऐकलं रे माझं. रांग सोडून घरी गेले. त्यांचंच जास्त नुकसान झालं. ते टोचतं अजून."

विनंतीत आलेलं ते भावाचं वाक्य तिने मला याआधी कधी सांगितलं नव्हतं. तिने ताटात वाढलं आणि मी खाली मान घालून जेवलो. लाज वाटत होती, आणि भूकही लागली होती. दोन्ही खरं.

रात्रभर विचार करून मी जी पळवाट काढली ती माझ्या स्वभावाला शोभेशीच होती. कबुली द्यायची नाही. ओळच काढून टाकायची. त्यांना ती नकोच आहे ना?

सोमवारी सकाळी दहाला मी ओळ दोनशे बारा उघडली. प्रणाली 'बदलाचं कारण' विचारते. तो रकाना भरल्याशिवाय ओळ निघत नाही. मी लिहिलं, 'दुबार नोंद'. खोटं. ओळ गेली, खालच्या सगळ्या एकेक पायरी वर सरकल्या. खूप दिवसांनी मला हलकं वाटलं.

साडेदहाला ताईचा फोन आला.

"अरे, बँकेतून बोलावणं आलंय. तीन नंबर रिकामा आहे, लगेच या म्हणाले."

"कुठल्या बँकेतून?"

"कुठल्या म्हणजे? आपल्या!" नऊ वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "पोचलेसुद्धा मी. बाई गं, किती गर्दी ही!" तिच्या मागे खूप माणसांची कुजबुज होती, आणि शिक्के मारल्याचा ठक ठक आवाज. "ठेवते. लोक खोळंबलेत."

मी टॅक्सी केली.

दुकानात कोणी नव्हतं. दुकानदार स्टुलावर बसून वारा घेत होता.

"एक बाई आल्या होत्या. राखाडी स्वेटर. सरळ त्या भिंतीपर्यंत गेल्या. मी म्हटलं, काय दाखवू? तेवढ्यात फोन आला माझा, मी वळलो."

"मग?"

"मग काय. गेल्या असतील."

मी भिंतीवर तळहात ठेवला. भिंत कोमट होती. आतून ठक ठक जाणवत होतं.

माझा फोन वाजला. साहेब.

"अरे, तू दोनशे बारा दुबार म्हणून काढलीस? दुबार कुठे आहे ती? मी घातली परत."

"कधी?"

"हे काय, आत्ता."

हाताखालची ठक ठक थांबली.

"आणि कुलूप घातलंय तिला," साहेब म्हणाले. "काढायची असेल तर खरं कारण लेखी दे, मी बघतो. आहे का काही कारण?"

दुकानदार उठून उभा राहिला होता. दंडांवरून हात फिरवत तो म्हणाला, "एकदम गार पडलं, नाही?"

"आहे का कारण?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"नाही साहेब," मी म्हणालो. "नजरचूक."

ताई घरी आली नाही. पोलिसांत कळवलं, दवाखाने पालथे घातले. तिचा फोटो घेऊन भाऊजींबरोबर मीही रस्तोरस्ती हिंडलो. भाऊजी आठ दिवसांत म्हातारे झाले. एकदा पायरीवर बसून त्यांनी विचारलं, "तुला काही बोलली होती का रे? तू तिचा जीव की प्राण."

"नाही भाऊजी."

ओळ दोनशे बाराबद्दल आता विनंत्या येत नाहीत.

दर सोमवारी मी ती ओळ उघडतो. कारणाचा रकाना रिकामा असतो. काय लिहायचं ते मला ठाऊक आहे, दोन ओळींचं तर आहे. ही नोंद बँक बंद होण्याआधी तीन दिवस मी केली होती. माझ्या बहिणीला काहीही माहीत नव्हतं. एवढं लिहिलं की साहेब कुलूप काढतील. बोटं ठेवतो आणि उचलतो. अजून सहा वर्षं नोकरी आहे.

काल उघडली तेव्हा रकाना रिकामा नव्हता.

"लिहू नकोस. तुझी नोकरी जाईल. मी आहे इथे, समजावते लोकांना."

मी लिहिलं नाही.