सुभेदारांचा आवाज

रविवारी सकाळी राखीव दलाची हजेरी सुरू झाली आणि रेवती घोरपडेच्या कानातल्या मण्यातून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "नायब सुभेदार, किती हजर?"

"तीस, साहेब." एवढ्यासाठीच ती आठवडाभर थांबे.

तिचे पती, दलाचे सुभेदार, चौदा महिन्यांपूर्वी पुरात लोकांना काढताना वाहून गेले, ते सापडलेच नाहीत. पण दलाची साखळी तुटत नसे. सुभेदार, मग नायब सुभेदार, मग तीन हवालदार, प्रत्येकाखाली नऊ जवान. आठवडाभर एसटी चालवणारे खोत इथे हवालदार, आणि त्यांचेच डेपो मॅनेजर त्यांच्या हाताखाली साधे जवान! अधिकारी बेपत्ता झाला, तर त्याचे जुने निर्णय शिकलेला मणी त्याच्याच आवाजात आदेश देई. खालच्याला कमान, म्हणजे दलाची सूत्रं, हवी असेल, तर वरच्याचं पूर्ण नाव घेऊन ती घेतल्याचं सांगायचं. मग जुना आवाज पुसला जाई.

आणि सुभेदार परत येईपर्यंत त्यांचं नाव उच्चारायचं नाही, हा रेवतीचा नेम. रोज दिवा लावताना ती तो देवापुढे पुन्हा सांगे.

तेवढ्यात डोंगरावरची मापकं वाजली. भोरवाडीची दरड सरकत होती.

"गाव वरच्या शाळेत हलवा," आवाज म्हणाला.

खोत धावत आले. "वहिनी, शाळेमागं यंदा हातभर भेग पडलीय!"

"ड्युटीवर साहेब म्हणा, खोत."

"म्हणतो की. पण मग साहेबासारखं वागा."

तिने मण्याला भेगेचं सांगितलं.

"शाळा सुरक्षित आहे. आदेश कायम."

हट्टही अगदी त्यांचाच. तिने डोळे मिटले.

"सुभेदार इंद्रजित माधवराव घोरपडे यांच्याकडून मी कमान घेतली."

कानात श्वासासारखं काही वाजलं. मग काहीच नाही. मग तीस जणांच्या कानांत तिचा आवाज गेला, "गाव पठारावरच्या देवळात न्या."

दुपारी शाळा दरडीखाली गेली. आत कोणी नव्हतं.

संध्याकाळी ती देवळाच्या पायरीवर बसली होती. "नेम मोडला हो माझा," ती खोतांना म्हणाली.

खोत खालच्या पायरीवर टेकले. "वहिनी, पुढचा नियम वाचलाय? सुभेदार परत आले, तर कमान घ्यायला त्यांनाही तुमचं पूर्ण नाव घ्यावं लागेल."

बारा वर्षांच्या संसारात त्यांनी तिला फक्त 'अगं' म्हटलं होतं. दलात आल्यावर 'नायब सुभेदार'.

रेवतीने कानातला मुका मणी बोटांनी चाचपला. त्यांच्या तोंडून 'रेवती' कसं ऐकू येईल?