येते मी

फायर अलार्म वाजला आणि अख्खी कंप्युटर लॅब लीड्सच्या भुरभुरत्या पावसात फुटपाथवर आली. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्समध्ये मास्टर्स करणारी वरदा मात्र उघड्या लॅपटॉपकडे बघत करवादली, "मेला एकदाचा!"

"कोण मेला?" शेजारच्या मुलानं दचकून विचारलं... आणि चक्क मराठीत!

"सर्व्हर."

"ओह. सॉरी फॉर युअर लॉस," म्हणत त्यानं गंभीरपणे छत्री धरली... लॅपटॉपवर. वरदा भिजली ती भिजलीच.

हा समर. जन्म बर्मिंगहॅमचा, मराठी आजीकडून शिकलेलं आणि लिंगं सगळी वाऱ्यावर. 'तो खिडकी', 'माझा चूक'! वरदा सुधारायची, तो हसायचा. वर्षभर दोघं एकाच प्रोजेक्टवर होती. दूरदूरच्या मशीन्सचं एकमत घडवता घडवता यांचंही कधीच झालं होतं. बोलायचं कोणी, तिथं गाडं अडलं होतं.

आणि आज वरदा नोकरीसाठी दूर बेसिंगस्टोकला निघाली होती. आज तरी तो बोलेल? जीव नुसता टांगणीला लागलेला.

"पॅकिंग झाला?" लॅबच्या पायरीवर समरनं विचारलं.

"झालं."

"गुड."

गुड म्हणे! वरदाचा पाराच चढला. "येते मी," म्हणून ती तरातरा बॅग ओढत निघाली.

"ओके," मागून आवाज आला.

स्टेशनवर तिला चैन पडेना. फोन बघ, ठेव, पुन्हा बघ... काही नाही. पलीकडचं मशीन गप्प असलं की ते बंद पडलंय की नुसतंच हळू चालतंय, हे इथून कळत नाही. परीक्षेत तिनं हे पानभर लिहिलं होतं. मग करायचं काय? पुन्हा एकदा विचारून बघायचं! गाडी आली, गेली. वरदा उलटी लॅबकडे धावत सुटली.

समर तिथंच पायरीवर बसलेला. हातात दोन कॉफी, दोन्ही गार.

"इथे काय करतोयस?"

"तू येते म्हणालीस ना?"

"अरे वेड्या, जातानाच 'येते' म्हणतात! 'जाते' म्हणत नाहीत आपल्यात."

"पण... आलीस की."

वरदा त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"मी तुझा वाट बघत होतो," तो हळूच म्हणाला. "आय मीन... होल इयर."

"तुझी," सवयीनं तिच्या तोंडून निसटलं.

समरचे डोळे लकाकले. "माझी?"

वाट स्त्रीलिंगी असते, एवढंच सांगायचं होतं. वर्षभर तेच तर सांगत आली होती...

"हो," वरदा म्हणाली. "तुझी."