आगाऊ पेन

मोहिते फोटोमध्ये माणसं यायची ती यंत्राला कंटाळून. फोटो सुधारायला आता कुणाची गरज राहिली नव्हती. फोनला तोंडी सांगितलं की पाच सेकंदांत हातात. पण हे यंत्र दिसेल त्याला गोड करून ठेवायचं. एका म्हाताऱ्याच्या कपाळावरची जन्माची आठी त्यानं परस्पर पुसली, आणि तेराव्याला जमलेली भावकी फोटोकडे बघून विचारायला लागली, "अहो, हे कोण?" तेव्हापासून कराड भागात निदान गेलेल्या माणसाचा फोटो तरी माणसाच्या हातून करून घ्यायची रीत पडली. त्या रीतीवर तेजश्री मोहितेचं घर चालत होतं.

आणि आता तिचा हातच थरथरायला लागला होता.

वय चौपन्न. उजवा हात कपाला लावला की चहा बशीत. माउस धरला की पडद्यावरचा बाण माशीसारखा उडायचा. गेल्या महिन्यात एका सरपंचाची मिशी करताना डावीकडचं टोक कानापर्यंत गेलं. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. शेवटी तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिली. रडू आलं नाही. रडायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

हातसाहाय्य केंद्रात डॉक्टर निखत मुजावर यांनी तिच्यापुढे दोन वस्तू ठेवल्या. एक जड माउस, त्याला मनगट टेकायला उशी. दुसरं पेन, सोबत काळी पाटी आणि दंडाला बांधायचा पट्टा.

"यातलं एकच मिळतं, ताई. आणि पाच वर्षं बदलून मिळत नाही. म्हणून पंधरा दिवस पेन घरी न्या, वापरून बघा, मग सांगा."

"हे ते आगाऊ पेन ना?"

डॉक्टर हसल्या. कागदोपत्री त्याचं नाव पूर्वलेखणी. पण आपण करायच्या आधीच करून मोकळं होणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि बाजारात तेच नाव पडलं होतं.

"आधी करतं म्हणजे कसं? त्याला काय स्वप्न पडतं?"

"स्वप्न नाही. तुम्हाला रेघ ओढायचीय. मेंदू हुकूम सोडतो. तो दंडातून खाली बोटांपर्यंत जायचा, स्नायू आवळायचे, मग हात हलायचा. यात थोडा वेळ जातो, समजा सेकंदाचा तिसरा हिस्सा. हा पट्टा हुकूम वाटेतच वाचतो आणि पेन रेघ काढून टाकतं. थरथर हा हुकूम नसतो, तो नुसता कालवा असतो. पट्टा तो बाजूला काढतो. त्या रेघेला आम्ही पूर्वरेघ म्हणतो."

"म्हणजे हात हलायच्या आधीच काम झालेलं."

"हो. सोपं सांगायचं तर माउसला तुम्ही काय करता ते कळतं. पेनला तुम्ही काय करणार आहात ते कळतं."

"आणि मी मधेच विचार बदलला तर?"

"तर हुकूम बदलेल. ताई, तुमच्या मनात नाही ते पेन करत नाही, एवढी खात्री देते."

घरी तिचा नवरा रणजित पलंगावर उशांना टेकून बसला होता. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेली ती गेलीच. दुकान मूळचं त्याचं, हात मूळचा त्याचा. तेजश्रीला सगळं त्यानं शिकवलेलं. सहा वर्षं ती त्याला उठवत होती, बसवत होती, पुसत होती, भरवत होती. मधे दुकान. नातेवाईक म्हणायचे, सावित्री आहेस बाई. ती हसून चहा टाकायची. मनात म्हणायची, सावित्रीला निदान तीन दिवसांत निकाल लागला.

"पेनच घे," रणजित जड जिभेनं म्हणाला. "माउसवर पापणी होत नाही. मी कधी केली का?"

पेन खरंच भारी होतं. पहिल्या दिवशी तिनं एका आजीचे पांढरे केस एकेक करून रेखले, अन् सगळे सरळ. चौथ्या दिवशी मिशी. त्या आठवड्यात एका बारशाच्या अल्बमचं काम झालं, एका लग्नाचं झालं. सोबत तेराव्याचे तीन. तेराव्याचा फोटो म्हणजे ठरलेलं काम असतं: माणसाचा एकट्याचा चांगला फोटो कधीच नसतो. कुणाच्या तरी लग्नातला घोळका आणतात, त्यातून त्याला कापून काढायचं, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, मागे फिका निळा रंग भरायचा, चेहरा जरा खाली घ्यायचा आणि वर हारासाठी दोन बोटं जागा सोडायची. असे तिनं हजारो केले होते. दुसऱ्या आठवड्यात तर सुरुवातीची रेघ केली की पुढचं सगळं पेन सलग ओढून न्यायचं. सही करताना आपण कुठं एकेका अक्षराचा विचार करतो? दंडातून अख्खी सहीच खाली येते. तसंच हे.

तिला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

चौदाव्या दिवशी दुपारी काम लवकर संपलं. लग्नाला तीस वर्षं होणार होती, तेव्हा भाचीच्या लग्नातला दोघांचा फोटो मोठा करून रणजितच्या पलंगासमोर लावावा असं तिच्या मनात आलं. झटक्याच्या आधीचा फोटो. तो खुर्चीत, फेटा बांधलेला. ती मागे उभी, हात त्याच्या खांद्यावर. नुसती चमक कमी करायची होती. तिनं पेन उचललं आणि त्याच्या खांद्याजवळ टेकवलं.

पेन धावलं.

तिला कळेपर्यंत तिचा हात त्याच्या खांद्यावरून पुसला गेला होता. मग ती स्वतः गेली, मांडव गेला. मागे फिका निळा रंग भरला. रणजितचा चेहरा जरा खाली सरकला आणि वर दोन बोटं जागा सुटली.

आतल्या खोलीत रणजित खोकला.

"अगं बाई," ती म्हणाली, आणि मागे घ्यायला लागली. मागे घेणं सोपं होतं, पेन डावीकडे जरा झटकायचं. तिनं हाताला सांगितलं, झटक. हात पाटीवर पडून राहिला. पट्ट्यावरचा दिवा लागला नाही. म्हणजे दंडातून काही आलंच नव्हतं. अहो, किती वेळ! स्वतःच्या हाताकडे ती बघत बसली, आणि फोटोतला रणजित हाराची वाट बघत बसला. शेवटी तिनं डाव्या हातानं खणातला जुना माउस ओढला, उजवा हात त्यावर जबरदस्तीनं ठेवला आणि थरथरत एकेक पायरी मागे घेतली. मांडव आला. ती आली. हात खांद्यावर आला.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली आणि सगळं सांगितलं.

"सवय आहे, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "हजारो वेळा तेच केलंय हातानं. जित्याची खोड..." त्या एकदम थांबल्या. पुढची म्हण काय आहे ते दोघींना माहीत होतं.

"सवय असती तर मी मान्य केलं असतं. याच पंधरा दिवसांत बारशाचं बाळ केलं. नवरानवरी केली, आजोबा-आजी केले. सगळी जिवंत माणसं. त्यातलं कुणी निळ्यात गेलं नाही. हाच का गेला?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.

"तुम्ही म्हणाला होता, मनात नाही ते पेन करत नाही."

"म्हणाले होते."

"मग सांगा ना. ही सवय का इच्छा?"

निखत मुजावर हुशार बाई होती आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिनं पट्ट्याची नोंद उघडली, वर-खाली बघितली, बंद केली. "पट्ट्याला ते कळत नाही, ताई. दंडापर्यंत येईस्तोवर दोन्ही सारखीच दिसतात. आणि खरं सांगू? मेंदूतसुद्धा ती कुठं वेगळी होतात हे आम्हाला अजून सापडलेलं नाही. तुम्ही थकलाय. थकलेल्या माणसाच्या मनात काहीही येऊन जातं. पूर्वी ते येऊन जायचं, कुणाला पत्ता लागायचा नाही. आता रेघ उमटते, एवढंच."

"एवढंच," तेजश्री म्हणाली.

तिनं पट्टा सोडून टेबलावर ठेवला आणि माउस जवळ ओढला.

"नीट विचार करा. पाच वर्षांचा प्रश्न आहे. वर्षभरात थरथर वाढेल. पापणी जमणार नाही, केस जमणार नाहीत. गिऱ्हाईक तुटेल."

"तुटू दे. मी काय करते तेवढंच कळणारं द्या मला."

घरी आल्यावर रणजितनं विचारलं, "मिळालं पेन?"

"नाही मानवलं मला."

"वेडी आहेस." तो चिडला, मग दमला आणि उशीवर मान टाकली. "गोळी राहिलीय दुपारची."

गोळ्या तिच्या हातच्याच असायच्या. पाच रंगांच्या पाच. सकाळची कुठली, दुपारची कुठली, एकावर एक झाल्या तर काय होतं, सगळं तिला पाठ. तिनं डबा उघडला. दुपारच्या पांढऱ्या गोळीकडे हात नेला आणि मधेच थांबली.

सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढा वेळ तिनं हाताकडे बघितलं, तो कुठं निघालाय ते.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही."

पेन केंद्रात राहिलं होतं. पट्टा सोडला होता. आता काही उमटणार नव्हतं, काही दिसणार नव्हतं. हेच तर तिचा जीव घाबरा करत होतं.

तिनं डबा उचलून पलंगावर ठेवला, त्याच्या चांगल्या हाताशी. "आजपासून तुझी तू घे. पांढरी, मोठी. मला वाचून दाखव नाव आणि मग घे."

"मला फोडता येत नाही ते पाकीट."

"दातानं फोड."

"रागावलीस का माझ्यावर?"

"नाही रे राजा," ती म्हणाली. आता तिला रडू आलं. "रागावले नाही. वाच नाव."

तो एकेक अक्षर वाचायला लागला, जड जिभेनं, अडखळत. पाकीट दोनदा त्याच्या हातून पडलं. ती पलंगापासून चार पावलं लांब भिंतीला टेकून उभी राहिली, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, आणि पाकीट तिसऱ्यांदा पडलं तरी पुढे झाली नाही.