खोलीची शांतता

आमच्या विद्यापीठाच्या माध्यम आणि माहिती अभ्यास महाविद्यालयात मी ध्वनिमुद्रण शिकवते. यंदा प्राचार्य आमच्या स्टुडिओच्या मुळावरच उठले होते. "रेडिओ आता कोण ऐकतंय, मॅडम? त्या जागेत संगणक बसवू," म्हणाले. मी हटून बसले. शेवटी ठरलं, की समिती सभागृहात बसून मुलांचं एक थेट बातमीपत्र ऐकेल आणि मग काय तो निर्णय देईल.

वाचणार होती टिटवी. शेवटच्या वर्षातली मुलगी. पहिल्या दिवशी तिचा आवाज ऐकून हे नाव मीच ठेवलं होतं. पुढे तोच आवाज घासूनपुसून लख्ख केला, तोही मीच.

कुठल्याही कामाआधी आम्ही खोलीची शांतता मुद्रित करून घेतो. सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावून उभं राहायचं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, त्यामुळे मध्ये कुठे खंड पडला की तिथे तिचंच ठिगळ लावायचं.

त्या सकाळी मुद्रित केलेली शांतता लावून ऐकली, तर तिच्यात कुणीतरी कागद उलटला.

"कोण चुळबुळ करत होतं?"

"आईशप्पथ मॅडम, कुणीच नाही," टिटवी म्हणाली. "कुणाच्या हातात कागदच नव्हता."

मी वायरी तपासल्या आणि तेच मुद्रण पुन्हा लावलं. आता कागदामागोमाग कुणीतरी घसा खाकरला. मघाशी हे नव्हतं. पण समिती येऊन बसली होती, म्हणून मी तो विचार झटकला.

टिटवी झकास वाचत होती. तेवढ्यात ताजी बातमी आली, ती मी आत पाठवली.

"नदीवरचा नवा पूल आज सकाळी..."

आणि तिची दातखीळ बसली. काचेपलीकडून ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. थेट प्रसारणात गप्प राहण्यासारखं पाप नाही. सवयीने माझा हात गेला आणि मी सकाळची शांतता सोडली.

"...वाहतुकीसाठी खुला झाला," स्पीकरमधून टिटवीचा आवाज आला.

काचेपलीकडे तिचे ओठ मिटलेले होते.

आवाज पुढे वाचत गेला. कुठे अडखळला नाही.

मी तो बंद केला नाही.

सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट! समितीच्या अध्यक्षबाई उठून उभ्या राहिल्या. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. स्टुडिओ वाचला. मुलांनी मला खांद्यावर उचलायचंच काय ते बाकी ठेवलं आणि खरं सांगते, आनंदाने मला रडू फुटलं.

"मॅडम, मीच वाचलं ना?" टिटवीने हळूच विचारलं.

"मग काय मी वाचलं?" मी म्हटलं. जिंकल्यावर फार चौकशा करू नयेत.

आज वर्गाला शिकवायला म्हणून त्या सकाळच्या शांततेचं मुद्रण काढलं आणि आधी एकटीनेच ऐकलं. बातम्या संपल्यावर टिटवीचा आवाज म्हणतो, "यापुढच्या बातम्या मॅडम वाचतील."

मग कुणीतरी श्वास घेतं. इतकी वर्षं मी मुद्रणांतून लोकांचे श्वास कापत आले आहे, एकेकाचा ओळखते.

हा माझा आहे.