चार नंबरमधली अडखळ

उद्यमनगरात धातुशास्त्रातल्या डॉ. रुबीना मुजावर यांचा लहानसा कारखाना होता. गोल्फची आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठ्या, घ्यायला तिथे आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असे. चेंडू किती लांब जातो, हे कुणी विचारत नसे. मुजावर डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "सध्या कुणाच्या हातानं खेळताय?"

शाल्मली रेगेने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "पपांच्या," ती म्हणाली.

हा प्रश्न आणि हे उत्तर ऐकून लोकांनी डोक्याला हात लावला असता, तो काळ काही फार जुना नाही. तेव्हा आयर्न निवडणं सोपं होतं. नवशिक्याला जाड पाठीचं, रुंद बुडाचं आयर्न मिळे. चेंडू त्याच्या मधोमध लागला नाही तरी ते सांभाळून घेई. हात बसला की मग पातळ पात्याचं. ते जरा चूक झाली की मनगटाला झिणझिण्या आणून सोडी. कित्येक जण हात बसायच्या आधीच पातळ पाती मिरवत हिंडायचे. ती हौस निराळी, तिला इलाज नव्हता.

मग वळणी पोलाद आलं आणि हिशेब बदलला. आपण म्हणतो ना, हाताला वळण लागलं? तसं वळण या पोलादाला लागायचं. प्रत्येक फटक्याचं कंपन दांडीतून जाताना आतले कण किंचित सरकवायचं. एकाच हाताने हजारो फटके मारले की कण त्या हाताच्या सवयीने बसत. पुढे तेच आयर्न दुसऱ्याने उचललं, तर दांडी कुठे जराशी ताठ व्हायची, कुठे जराशी लवायची, आणि नव्या माणसाचं मनगट जुन्या माणसाच्या वाटेने ओढलं जायचं. यात बॅटरी नव्हती की तार नव्हती.

"दुसऱ्याची वापरलेली कोल्हापुरी घालून बघा," मुजावर डॉक्टर गिऱ्हाइकांना सांगत. "तुमचा अंगठा त्याच्या अंगठ्याच्या खळग्यातच जाऊन बसतोय का नाही? तेच हे."

त्यामुळे आता नवशिक्याला कसलेल्या हाताने 'भरलेलं' आयर्न देत. तो सुधारला की 'निम्मं', आणि पुरता तयार झाला की 'कोरं'. कोऱ्यात कुणाची उसनवारी नाही. स्वतःच्या हातात असेल तेवढंच चेंडूला मिळणार. एक गोष्ट मात्र खेळणारे विसरायचे. हे पोलाद वळण देतं तसं घेतंही. नवा हात त्यावर खेळत राहिला की जुना हात झिजत जातो.

शाल्मली राजारामपुरीतली दातांची डॉक्टर. चाळिशी उलटलेली. बॅगेतली आयर्न तिच्या वडिलांची होती. सोहम रेगे, म्हणजे टेकडीवरच्या क्लबचे रेगे सर. (सोहम नावाची पोरं ज्यांनी कडेवर खेळवली ती पिढी केव्हाच गेली, आता सोहम म्हटलं की कवळी आणि काठीच डोळ्यांपुढे येते.) उभी हयात त्यांनी लोकांना गोल्फ शिकवला. त्यांचा स्विंग, म्हणजे काठी फिरवण्याची ढब, बघायला माणसं आपला डाव सोडून उभी राहायची, इतका तो वाहता होता. मग एके दिवशी डावं अंग गेलं. बोलणं वाचलं, चालणंही हळूहळू आलं, पण डावा हात मांडीवर पडून राहिला. आणि उजव्या खेळाडूच्या स्विंगचं सारथ्य डाव्या हाताकडे असतं.

आयर्न कोपऱ्यात धूळ खात होती. एका रविवारी शाल्मली ती उगीचच सरावाच्या मैदानावर घेऊन गेली. लहानपणानंतर तिने काठी हातात धरली नव्हती. पहिल्याच चेंडूला कुणीतरी आपलं मनगट हलकेच धरलंय असं तिला वाटलं. ती गाडीत जाऊन बसली आणि पोटभर रडली. त्यानंतर तिने एकही रविवार चुकवला नाही.

कारखान्यातल्या जाळीसमोर तिचे चाचणीचे फटके झाले. मुजावर डॉक्टर पडद्यापाशी वाकल्या.

"ताई, छान सुधारलाय. फटका आता बहुतेक तुमचाच आहे. कोऱ्यावर यायला हरकत नाही."

"पण?"

"पण एक अडखळ आहे बघा. काठी वरनं झकास येती आणि चेंडूला लागायच्या जरा आधी मनगट आवळतं. पपांचं थोडंफार वळण उरलंय, त्यानं ती झाकली जातीया. कोऱ्यात उघडी पडंल. म्हणून म्हणते, तूर्त निम्मं घ्या, मग कोरं."

"डॉक्टर, मी आयर्न घ्यायला आलेलेच नाही," शाल्मली म्हणाली.

मग तिने खरं काम सांगितलं. पपांच्या मेंदूच्या डॉक्टरांनी नवा उपचार सुचवला होता. निकामी झालेला हात परक्याचं वळण घ्यायला कुरकुरतो, पण स्वतःचं जुनं वळण पुढे आलं की ओळखतो आणि जागा होतो. सुतारांना त्यांचा रंधा, शिंप्यांना त्यांची कात्री देऊन हात परत आले होते. पपांसाठी त्यांची आयर्न होती. फक्त त्यांत पपा अजून आहेत का, एवढंच तिला तपासून हवं होतं.

मुजावर डॉक्टरांनी एकेक आयर्न यंत्राखाली धरायला सुरुवात केली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"सातमध्ये उपचाराला पुरंल असं काही नाही. आठ, नऊ… नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही आहात की. तुम्ही जेवढ्या सुधारलात, तेवढे ते पुसले गेले. दोघांना पुरंल एवढी जागा नसती हो त्यात."

 ज्या हाताचा स्पर्श मिळावा म्हणून शाल्मली रविवारची वाट बघायची, तो हात तिनेच खरवडून काढला होता. चेंडू सरळ गेला की ती खूश व्हायची. त्याच वेळी पपा आणखी थोडे जात होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"चार नंबर फार खेळला नाही वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जमायचा नाही. या दिवाळीनंतर जरा हात बसला, तेव्हा घेतला हातात."

जमणारच नाही. नंबर जितका कमी तितकं पातं सरळ आणि काठी लांब. नवशिके चार नंबरच्या वाटेला जात नाहीत.

"जमत नव्हता ते बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या. "यात आहेत ते. चांगले आहेत. वर थोड्या तुम्ही."

शाल्मलीने ते आयर्न दोन्ही हातांनी घेतलं. डॉक्टर जरा घुटमळल्या.

"एक सांगून ठेवते. तुमचं जे थोडं उतरलंय, त्यात ती अडखळ पहिली उतरलीया. कसब हळू बसतं. भीतीनं आवळलेलं मनगट लोखंडावर जास्त जोर देतं, ते लगेच बसतं."

"भीती कसली?"

"ते मला काय माहीत? मी आपली धातूवाली." डॉक्टरांनी नजर काढून घेतली.

"तेवढीच काढता येईल?"

"नाही ओ. तापवलं तर सगळंच जाणार. गहू निवडल्यासारखं निवडता येत नाही हे."

स्विंग म्हणजे पपांचा जीव होता. त्यात आपली खोट कालवून द्यायची का? पण न द्यावी, तर हात मांडीवर पडलेलाच राहणार. गाडीत बसेपर्यंत तिचं ठरलं होतं. हात येऊ दे, बाकीचं मागून बघू. पपांना तिने काही सांगितलं नाही.

नागाळा पार्कातल्या घराच्या मागच्या अंगणात जाळी लागली. सुरुवातीला पपांची बोटं दांडीवर फडक्याने बांधावी लागत. काही आठवड्यांनी ती आपण होऊन मिटू लागली. मग शर्टाची बटणं लागायला लागली. एका दुपारी पपांनी अख्खं संत्रं स्वतः सोललं, फोडींच्या शिरा काढल्या आणि बशी तिच्यापुढे सरकवली. शाल्मली स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली आणि मग तिने त्या फोडी खाल्ल्या.

पुढे एका सकाळी काठी पूर्वीसारखी वर गेली. तोच डौल, तोच निवांतपणा. शाल्मली बघत होती. काठी खाली आली आणि चेंडूच्या जरा आधी अडखळली.

"दुखण्याचं राहिलंय काहीतरी," पपा म्हणाले.

"जाईल हळूहळू," शाल्मली म्हणाली.

ते गेलं नाही. उलट काठी हातात नसतानाही दिसायला लागलं. कप ओठांशी नेताना हात मध्येच थांबे. किल्ली कुलपापर्यंत जाई आणि भोकाशी बिचके. गोल्फचं वेगळं आणि चहाचं वेगळं असे कप्पे मज्जातंतूंत नसतात. शाल्मलीला हे आधी कळायला हवं होतं.

एका रविवारी पपांनी सराव मध्येच थांबवला आणि ते खुर्चीवर बसले.

"शालू, हे दुखणं नाही. दुखणं सगळीकडे असतं. हे एकाच जागी येतं. जन्मभर मी लोकांची मनगटं बघितली. असं मनगट एकच बघितलंय."

शाल्मली खाली पडलेले चेंडू गोळा करायला वाकली.

"तेव्हा तू चौथी-पाचवीत होतीस."

मग तिने सगळं सांगितलं. मैदानावरचे रविवार, पुसलेली आयर्न, चार नंबर, डॉक्टरांचं बोलणं. पपांनी मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे त्यांच्या स्वभावाला सोडून होतं.

"तिथे तुला काय होतं, ते मी कधी विचारलंच नाही," शेवटी ते म्हणाले. "आता मलाच होतं. काठी खाली येते आणि मला वाटतं, मागून कुणीतरी बोलणार."

मागून कोण बोलायचं, हे दोघांनाही माहीत होतं. रेगे सरांची नजर अशी पक्की, की काठी वर गेली तिथेच चेंडू कुठे जाणार ते त्यांना कळे. इतरांच्या मुलांना शिकवताना ते तोंड मिटून असत. स्वतःच्या मुलीच्या मागे उभे राहिले, की मात्र काठी चेंडूला टेकायच्या आत ते म्हणत, "गेला." रागावून नव्हे, ओरडूनही नव्हे. चेंडू खरोखरच भलतीकडे जायचा. आपला अंदाज चुकत नाही याचा त्यांना अभिमान वाटे. सहावीत तिने काठी खाली ठेवली, तेव्हा 'तिला आवडच नाही' असं त्यांनी चार लोकांत सांगून टाकलं.

"तुमचं नेहमी बरोबर असायचं, पपा."

"मी बोलायचो म्हणून जायचा तो."

पपांनी तिचं मनगट धरलं, परत आलेल्या डाव्या हाताने. "दवाखान्यातसुद्धा होतं का गं असं?"

"होतं. दाताला हात लावायच्या आधी. पेशंटना वाटतं मी फार जपून करते. नाव काढतात."

ती हसत होती आणि रडत होती. पपांना मात्र हसता आलं नाही. इतकी वर्षं पोरीच्या अंगात हे होतं आणि आपल्याला तिचं मनगट दिसलं, त्यामागची भीती दिसली नाही, हे त्यांना सोसवत नव्हतं.

"तू कोरी आयर्न घे," ते म्हणाले. "निम्मी नको. तुझ्या हातात काय आहे ते उघडं होऊ दे. मी समोर उभा राहतो. मी दिसत राहीन तुला."

मुजावर डॉक्टरांकडून कोरा संच आला. पहिले फटके बघवत नव्हते. पपा तिच्यासमोर, चेंडूच्या वाटेपासून दूर उभे राहत, आणि चेंडू घरंगळून पुरता थांबेपर्यंत अवाक्षर काढत नसत. मग म्हणत, "पुढचा." कोऱ्या पोलादात तिची चूक झाकणारं कुणी नव्हतं, आणि तिच्या खेळण्याने पुसलं जाईल असंही कुणी नव्हतं. उन्हाळा सरता सरता शाल्मलीची अडखळ पातळ होत गेली. एक दिवस काठी चेंडूतून आरपार गेली आणि मनगटाला काही कळलंच नाही. असं असतं होय, असं तिला वाटलं. पपांनी टाळ्या वाजवल्या, त्याही चेंडू थांबल्यावर.

पपांचं काय, हे विचारायला ती पुन्हा उद्यमनगरात गेली.

"तुमच्यात खाली तुमचं स्वतःचं काहीतरी होतं, ते वर आलं," मुजावर डॉक्टर म्हणाल्या. "त्यांचा हात गेला होता, ताई. जवळजवळ कोरी पाटी होती ती. आयर्ननं त्यांच्या वळणात मिसळून जे दिलं, ते सगळं त्यांनी मूळ म्हणून घेतलंय. आता ते त्यांचंच आहे. काढायला गेलो तर हातच जाईल."

हे तिने घरी येऊन सांगितलं. पपा म्हणाले, "राहू दे. माझ्याचकडचं होतं ते."

त्या संध्याकाळी पपा अंगणात, घराकडे पाठ करून चार नंबर पुसत बसले होते. शाल्मली चहा घेऊन मागच्या दारातून बाहेर आली. तिची चप्पल फरशीवर वाजली आणि पपांचे खांदे एकदम कानाशी गेले. फडकं धरलेला हात हवेत तसाच राहिला. जन्मात कुणाला न घाबरलेला हा माणूस, मागे कोण आलंय हे वळून बघायचंही त्याला धैर्य होईना. ती काही बोलेल म्हणून तो वाट बघत होता.

"मी आहे, पपा," ती हळूच म्हणाली, तेव्हा ते खांदे पुन्हा दचकले.

आता चहा घेऊन ती मागच्या दाराने येत नाही. घराला वळसा घालते आणि लिंबाच्या झाडाकडून, समोरून येते. म्हणजे ती येतेय हे त्यांना लांबूनच दिसतं.