खोपकरांचं विरजण

चंद्रतळाच्या कार्यशाळेत खडकगाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवली होती. मुख्य चालक दत्ताराम खोपकर यांनी तिचं मागचं चाक हातानं फिरवलं. जात्यात ओला दाणा सापडावा तसं ते कुरकुरलं आणि अर्ध्या फेऱ्यात थांबलं.

"बघ, ब्रेक धरून बसलाय. पेडलवर पाय टाकून झोपतेस काय गो?"

भोवतीचे चालक हसले. सुगंधा वरठा मान खाली घालून उभी होती. जव्हारच्या घाटात टेम्पो चालवून इथवर आलेली पोर. काल मैदानातच तिच्या गाडीची बॅटरी संपली आणि गाडी ओढून आणावी लागली. खोपकर नापास म्हणाले की ती पुढच्या यानानं घरी जाणार होती.

"सर, मी दाबते नि सोडते. पाय ठेवत नाय."

"परत गेलेले सगळे हेच म्हणत होते."

धातुतज्ज्ञ यास्मिन मुकादम चाकाखालून बाहेर आल्या. "पेडलची तार सोडवली, तरी अडतंय. ब्रेकच्या पिना स्वच्छ आहेत. दोष स्मरणधातूतच आहे."

"समजावा हिला."

"ब्रेकचा दट्ट्या स्मरणधातूचा असतो. तापलेला असताना तो जिथे बराच वेळ राहील, तीच त्याची विसाव्याची जागा होते. असा तो चालकाचा पाय शिकतो. दाबून सोडलं तर काही ठसत नाही. पण हलका पाय तासन्‌तास ठेवला, तर तो घासून तापतो; बाहेर हवा नाही, त्यामुळे उष्णता निघून जात नाही. दट्ट्या तिथेच घर करतो."

"म्हणजे भित्र्याचा पाय," खोपकर म्हणाले. "कोठारातली कोरी गाडी आणा. न चालवलेलं चाक कसं फिरतं, बघू दे."

गाडी आली, घोड्यांवर चढली. खोपकरांनी चाकाला झोकात गिरकी दिली. कुरकुर. अर्धा फेरा. त्यांनी दुसरं फिरवलं, मग तिसरं. तेच.

आता कुणी हसलं नाही.

"ही तर कुणीच चालवली नाय," सुगंधा पुटपुटली.

यास्मिनबाई खोपकरांकडे न बघता बोलल्या, "चालवली नाही, पण विरजण लागलंय ना तिला."

विरजण हा तळाचाच शब्द. मुरलेल्या गाडीच्या दट्ट्याचं माप घ्यायचं, नवा दट्ट्या तापवायचा आणि तीच आठवण त्याच्यात उतरवायची. ते फक्त आपल्याच गाडीतून घ्यायचं, हा हट्ट खोपकरांचा. तळावर त्यांच्यासारखा चालक दुसरा कोण?

खोपकरांच्या कानशिलांत आग उतरली. विवराच्या काठावर एकदा त्यांची गाडी घसरली होती. तेव्हापासून उतार असो की सपाटी, त्यांचा पाय पेडलवरून उठला नव्हता. मुख्य चालकाला जोड बॅटरी मिळते, त्यात सगळं झाकलं गेलं. नापास करून परत धाडलेला भानुदास याच जागी असाच उभा होता. केतकी तर रडली होती, आणि तिच्या रडण्याची नक्कल त्यांनी जेवणघरात करून दाखवली होती. स्वतःचीच भीती त्यांनी गाडीगाडीत कालवली आणि तिच्यापायी लेकरांना घरी धाडलं.

"ही आठवण पुसता येईल?" आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"येईल. पण मग नवं विरजण लागेल."

"यांच्यातल्या कुणाचं घ्या."

"हे सगळे अडणाऱ्या गाड्यांवर, बॅटरी पुरवून पुरवून, घडलेत. मोकळ्या गाडीत उतारावर ब्रेक दाबायला उशीर करतील. घाटात घडलेला, न बिघडलेला पाय एकच उरलाय."

सगळ्यांच्या नजरा सुगंधाकडे वळल्या.

"पहिली माझी गाडी पुसा," खोपकर म्हणाले. मग ते तिच्यासमोर गेले, पण मान वर होईना. "सुगंधा... तू नापास नाहीस. नापास कोण, ते सगळ्यांनी पाहिलं. चालवशील?"

सुगंधानं मान वर केली.

"उतार शिकवला नाय तुम्ही अजून. बाजूला बसा. पण पाय वर घेऊन."

यान तिच्याविना गेलं. पुसलेली गाडी विवराच्या काठाशी आली, तेव्हा खोपकर शेजारच्या आसनावर मांडी घालून बसले होते. उतार लागताच त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा पाय घट्ट धरला. सुगंधानं ते पाहिलं आणि नजर पुन्हा समोर नेली.