जोडीचं कार्ड

मला हे लिहायचं नव्हतं. ताई ऐकत नाही. "बाळ्या, तू गेलास की कोण सांगणार? लिहून काढ. पण यांची चूक तेवढी लिहू नकोस." आता चूक वगळली तर उरतं काय, डोंबल? चौथी शिकलेला माणूस मी. जसं झालं तसं लिहितो. पटत नसेल त्यानं वही मिटावी.

मी आणि दाजी, म्हणजे ताईचे यजमान, एकाच हॉस्पिटलच्या टेलिफोन खोलीत बावीस वर्षं होतो. खोली तळघरात. खिडकी नाही. पंख्याची घरघर, तापलेल्या वायरींचा वास आणि दाजींच्या कपाळावरच्या बामचा वास. भिंतीपासून हातभर सोडून एक लोखंडी कपाट, तेच एक्स्चेंज. साऱ्या हॉस्पिटलचे फोन त्यातून जायचे. त्यात दोन प्रोसेसर कार्डं शेजारीशेजारी. एक काम करतं, दुसरं नुसतं जागं बसतं. पहिलं पडलं की दुसरं त्याच क्षणी सगळं अंगावर घेतं. जे काम करत असेल त्याचा दिवा हिरवा.

आमची एक रीत होती. कार्ड एकट्यानं काढायचं नाही. एकानं पुढून कार्डाला हात घालायचा, दुसऱ्यानं कपाटामागे उभं राहून लाइनींकडे बघायचं. पुढून मी विचारायचो, "काढू?" मागून "काढ" आलं तरच ओढायचं. "थांब" आलं तर बोटसुद्धा हलवायचं नाही.

एकदा दाजींनी जोडीचं, म्हणजे ते नुसतं जागं बसणारं कार्ड साफ करून परत बसवलं आणि त्याचा दिवा लागेचना. साहेब आले. दाजी त्यांना म्हणाले, "ह्यानं मनगटाला पट्टा न बांधता हात लावला. अंगातली वीज कार्डात उतरली." रजिस्टरात माझं नाव गेलं. साहेबांनी कार्डावर चिठ्ठी चिकटवली, हात लावू नये. पट्ट्याशिवाय मी आयुष्यात कार्डाला हात लावलेला नाही. त्या दिवसापासून दाजींशी माझं बोलणं बंद. "काढू", "काढ", कामापुरतं तेवढंच. वर्षाच्या आत दाजी वारले. पोचवायला गेलो. रडलो नाही.

एक्स्चेंज म्हातारं, त्याचे भाग कोण बनवतो आता? साहेबांनी कुठूनसं एक वापरलेलं कार्ड पैदा केलं. "रविवारी दुपारी बसव. फोन कमी असतात."

नेमकं त्याच रविवारी ताईला आमच्याच हॉस्पिटलात आतड्याच्या ऑपरेशनला आत घेतलं. मी साहेबांना म्हटलं, उद्या करतो.

"इथं बाकावर बसून तू काय कापणार आहेस का? जा खाली."

गेलो. पट्टा बांधला. चिठ्ठी फाडली, स्क्रू सैल केले, विझलेल्या कार्डाला हात घातला. कपाटामागे कोणी नव्हतं. तरी तोंडातून गेलंच.

"काढू?"

"थांब."

आवाज हळू. मागून. पाठोपाठ बामचा वास आला.

खरं सांगतो, आधी भीती नाही आली, राग आला. मेल्यावरही हुकूम सोडतात! मी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात.

"थांब... थांब रे..."

रीत ती रीत. हात तसाच ठेवला. पंखा घरघरत होता. बामचा वास इतका दाट झाला, की डोळे चुरचुरायला लागले. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग कपाटात 'कट्' झालं आणि पहिल्या कार्डाचा हिरवा दिवा गेला. छोटा प्रिंटर खडखडला. कागदाच्या पट्टीवर एवढंच आलं, एक बंद, दोन चालू.

माझ्या पंजाखाली मेलेल्या कार्डाचा दिवा हिरवा झाला होता.

चालू कार्ड हाताला गरम लागतं. हे गार होतं. बर्फ.

समोर लाइनींचे दिवे लुकलुकले. ऑपरेशनच्या खोलीची लाइन लागली. मग रक्तपेढीची. मी डाव्या हातानं पहिलं कार्ड बंद करून परत चालू केलं. ते उठायला अठरा मिनिटं घेतं. अठरा मिनिटं मी त्या गार कार्डावर हात ठेवून उभा. मागे कोणीतरी श्वास घेत होतं...

पहिल्याचा दिवा परत आला.

"काढ."

मी ओढलं.

साहेबांनी आणलेलं बसवून वर गेलो. नर्स म्हणाली, "काका, रक्त वेळेत मिळालं. पहिल्या फटक्यात फोन लागला, नाहीतर तुमच्या ताईंचं अवघड होतं."

संध्याकाळी काढलेलं कार्ड दिव्याखाली धरलं. खालच्या कोपऱ्यातली पिन पार आडवी झालेली. कार्ड डाव्या अंगठ्यानं तिरकं रेटलं की असं होतं. डाव्या अंगठ्यानं दाजीच रेटायचे. बावीस वर्षं सांगत होतो, दाजी, सरळ ढकला. म्हणजे पट्टा नाही, अंगातली वीज नाही, काही नाही. आणि कार्डाला वीज मिळते ती त्याच पिनेतून. ती टेकत नसेल तर दिवा लागणारच नाही.

साहेबांना दाखवलं. ते पिनेकडे बघत राहिले, मग प्रिंटरच्या पट्टीकडे. "मग हे चाललं कसं?"

"ते मला विचारू नका."

पुढे एक्स्चेंज भंगारात गेलं. रजिस्टरही गेलं असेल, माझ्या नावासकट. कार्ड मी घरी आणलं. कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. वायर नाही, काही नाही. पण एखाद्या रविवारी दुपारी खोलीत बामचा वास येतो. कपाटाचं दार उघडून बघतो तर हिरवा दिवा लागलेला. मी खुर्ची ओढून समोर बसतो. म्हणतो, ताई वाचली, ते मानलं. आता दुसरं काय ते बोला. अठरा मिनिटं दिवा जळतो. मागे कोणीतरी श्वास घेतं. मग दिवा जातो.

ताई, वाचत असशील तर वाच. माझ्याबद्दल लोक बरंवाईट पुष्कळ बोलले, त्यांचं सोडून दिलं. एक शब्द यायचा राहिलाय तो एकाच माणसाकडून. दाजींकडून.